पहाटे पाय उचलेनात, रात्री चालत घरी: हा कुठला लकवा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भाऊ २७ वर्षांचा, धट्टाकट्टा. चुलत भावाच्या वरातीत रात्री उशिरापर्यंत नाचला, पंगतीत जिलेबी-मठ्ठ्यावर ताव मारला आणि झोपला. पहाटे लघवीला उठायला गेला तर पाय जागचे हलेनात. शुद्ध शाबूत, बोलणं स्पष्ट, चेहरा सरळ. जवळच्या दवाखान्यात अशक्तपणा समजून ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर तासाभरात हातही उचलेनासे झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर रक्तात पोटॅशियम १.९ निघालं. ते दिल्यावर रात्री साडेनऊला तो स्वतःच्या पायांनी गाडीत जाऊन बसला. आता मावशी म्हणतेय अंगावरून वारं गेलं, लकव्याचं औषध देतात त्या गावी न्या. वडील म्हणतात, बरा झाला ना, मग विषय संपला. आणि तुम्ही विचारताय: हा लकवाच का, परत येईल का, आणि त्याचं लग्न ठरतंय तर मुलीकडच्यांना काय सांगायचं?

बावीस वर्षं मेंदू आणि नसांच्या रुग्णांतच गेली आहेत, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

लकवाच म्हणायचं. स्नायू हलत नाही म्हणजे लकवा, या अर्थाने मावशी चुकलेल्या नाहीत. पण 'लकवा' हे आजाराचं नाव नव्हे, जसं 'ताप' हे नाव नव्हे. ताप मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही. आपल्याकडे लकवा म्हटलं की एकच चित्र डोळ्यांपुढे येतं: साठीचा माणूस, एक बाजू लुळी, तोंड वाकडं. तो मेंदूतली रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने होणारा अर्धांगवायू. तो नेहमीचा प्रकार आहे आणि त्यावर इथे मी एकच गोष्ट सांगणार: अचानक एक बाजू गेली, बोबडी वळली, तोंड वाकडं झालं तर हे असलं काही वाचत बसू नका. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

तुमच्या भावाचा प्रकार निराळा आहे. गावात लाईट गेली की वायरमन काय करतो? आधी सबस्टेशनला फोन, मग डीपी, मग खांबावरची तार, मग घरातला फ्यूज, आणि शेवटी पंखाच जळालाय का ते बघतो. आम्ही तेच करतो. मेंदूतून निघालेला हुकूम मज्जारज्जूतून उतरतो, नसेतून हातापायापर्यंत जातो, नस आणि स्नायू यांच्यामधली बारीक फट रसायनाच्या मदतीने ओलांडतो आणि मग स्नायू आकसतो. यातली कुठलीही कडी तुटली तरी पाय हलत नाही. बाहेरून सगळ्यांना दिसतं ते सारखंच. उपचार मात्र इतके वेगळे की एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं. भावाला लावलेलं ग्लुकोज हे त्याचंच उदाहरण.

त्याच्या बाबतीत सबस्टेशनपासून तारेपर्यंत सगळं ठीक होतं. पंखाच, म्हणजे स्नायूच, काही तास बंद पडला होता. याला पोटॅशियम उतरल्याने येणारा नियतकालिक (म्हणजे अधूनमधून येऊन जाणारा) पक्षाघात म्हणतात. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, पेशींबाहेर राहतं ते जेमतेम दोन टक्के, आणि रक्तातलं प्रमाण ३.५ ते ५ च्या मध्ये राहावं लागतं. या आजारात पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही. घरातलं धान्य तेवढंच, फक्त अंगणातलं उचलून कणगीत टाकलं, असं काहीसं होतं. ते ढकलायचं काम इन्सुलिन करतं, ॲड्रेनलिनही करतं. भरपूर गोड आणि पिष्टमय खाल्लं की इन्सुलिन वाढतं. दमवणाऱ्या श्रमांनंतर आराम केला की पोटॅशियम स्नायूंत परत शिरतं. वरात, जिलेबी आणि झोप हे तिन्ही एका रात्रीत जमून आलं होतं. पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून छापावं असा हा इतिहास आहे. असे झटके बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटेच येतात.

आता ग्लुकोजचं कोडं सुटलं असेल. साखर शिरेतून गेली, इन्सुलिन आणखी वाढलं, उरलंसुरलं पोटॅशियमही आत ढकललं गेलं आणि हात गेले. त्या डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. अशक्तपणा म्हटलं की सलाईन, ही मागणी पेशंटच्या बाजूनेच एवढी जोरात असते की मी स्वतः ती कितीदा टाळलीय आणि कितीदा नाही, ते माझं मला माहीत. पण तरुण माणसाचे हातपाय एकाएकी लुळे पडले असतील तर कुठलीही बाटली लावण्याआधी ईसीजी काढावा आणि पोटॅशियम तपासावं. ईसीजी पाच मिनिटांत निघतो. पोटॅशियम उतरलं की त्यात टी लहर चपटी होते आणि तिच्यामागे यू नावाची जादा लहर उमटते. तालुक्याच्या ठिकाणी रक्ताचा रिपोर्ट यायला दोन तास लागत असले तरी हा कागद तोवर बरंच सांगून जातो.

उपचारातही एक मेख आहे. पोटॅशियम शक्यतो तोंडाने देतात, पाण्यात मिसळून थोडं थोडं (चव भयंकर, भावाला विचारा). शिरेतून द्यायची वेळ आली तर अगदी सावकाश आणि मॉनिटर लावून, कारण ते भसकन गेलं तर हृदय थांबू शकतं. शिवाय झटका ओसरताना कणगीतलं धान्य आपोआप अंगणात परत येतं. वरून आपणही ओतलेलं असलं तर पारडं उलटं फिरतं आणि पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढतं. म्हणून पाय हलायला लागल्यावरही काही तास तपासण्या चालू ठेवतात. 'आता बरा झालाय, सोडा ना' असं म्हणून नातेवाईक ज्या वेळेला घाई करतात, नेमकी ती वेळ नाजूक असते.

आणि कृपा करून पोटॅशियमचं सिरप घरात आणून ठेवून आपल्या मनाने पाजू नका. याच आजाराचं एक उलटं भावंड आहे, ज्यात झटक्याच्या वेळी पोटॅशियम वाढलेलं असतं. शिवाय मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला हे सिरप सरळ जिवावर बेतू शकतं. शहाळं, केळं खायला हरकत नाही, पण झटका त्याने उतरत नाही.

पुढचा प्रश्न, परत येईल का. हे कारणावर ठरतं, आणि तुम्ही पाठवलेल्या कागदांत मला कारणाचा शोध घेतलेला दिसला नाही. पोटॅशियम कमी होतं, दिलं, घरी पाठवलं. कमी का झालं, हे कुणी विचारलंच नाही.

माझी पहिली शंका थायरॉइडवर आहे. का ते सांगतो. जनुकीय प्रकारात पहिला झटका बहुधा विशीच्या आत येऊन जातो, आणि घरात आणखी कुणाला तरी असा त्रास असतो. तुमचा भाऊ २७ चा, घरात कुणालाच नाही. थायरॉइडचं काम वाढल्यामुळे येणारा झटका मात्र आशियाई वंशाच्या पुरुषांत वीस ते चाळीस या वयात येतो. गंमत म्हणजे थायरॉइड वाढण्याचा आजार बायकांत कितीतरी जास्त, पण त्यातून येणारा हा लकवा जवळजवळ पुरुषांनाच होतो. त्याला विचारा: गेल्या सहा महिन्यांत वजन उतरलंय का? हात पसरल्यावर बोटं थरथरतात का? घाम जास्त, छातीत धडधड, गरम सहन न होणं? कधीकधी यातलं एकही लक्षण ठळक नसतं, म्हणून लक्षणं नसली तरी तपासणी करायचीच. थायरॉइड निघाला तर ती चांगली बातमी समजा. तो काबूत आला की झटके थांबतात. तोवर प्रोप्रॅनोलॉलची गोळी देऊन ते रोखता येतात.

जनुकीय निघाला तर जेवणात साखर आणि मैदा कमी, मीठही बेताचं, दारू बंद, अंगमोड श्रमांनंतर लगेच आडवं न होता थोडं चालून स्नायू सैल करणं, आणि ॲसिटाझोलामाइडसारखी गोळी. हीच गोळी थायरॉइडच्या प्रकारात त्रास वाढवू शकते. नाव सारखं आणि झटका सारखा असला तरी औषध बदलतं, म्हणून कारण शोधायला सांगतोय.

तिसरी शक्यता मूत्रपिंडाची. इथे माझी एक जुनी चूक सांगायला हवी. शिकाऊ असताना वॉर्डात एक बाई वर्षभरात तिसऱ्यांदा हातपाय गळाले म्हणून आल्या होत्या. सासरी भांडणं चालू होती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून 'टेन्शन' असा निष्कर्ष काढून ठेवला होता. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळत नाही आणि डोळ्यांत खडे गेल्यासारखं वाटतं. मी ते लिहूनही घेतलं होतं, पण अर्थ लावला नव्हता. तोंड कोरडं, डोळे कोरडे, आणि सोनोग्राफीत मुतखडे. त्यांना शोग्रेन नावाचा आजार होता, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते. त्याने मूत्रपिंडाला आम्ल बाहेर टाकता येईनासं झालं होतं आणि त्या भरात पोटॅशियम लघवीतून वाहून जात होतं. इथे धान्य कणगीत गेलेलं नव्हतं, चोरीला जात होतं. त्यानंतर नियमित औषधं चालू होती तोवर त्या पुन्हा लकव्यासाठी भरती झाल्या नाहीत. आपल्याकडच्या बायकांत वारंवार पोटॅशियम उतरत असेल तर हे कारण विसरू नये.

तुमच्या प्रश्नाखाली आणखी दोघा-तिघांनी विचारलंय की पुण्यात झाला तो जीबीएस आणि हे एकच का. एकच नव्हे. पण दोन्ही सुरुवातीला सारखे दिसू शकतात, म्हणून तेही सांगतो.

गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हा नसांचा आजार आहे. वायरमनच्या भाषेत तारेवरचं आवरण जळतं. १९१६ साली पहिल्या महायुद्धात गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये त्याचं वर्णन केलं. तिसऱ्याचं नाव मागे का पडलं, कोण जाणे. एरवी वर्षाला लाखात एक-दोन माणसांना होणारा हा आजार. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, नांदोशी या पट्ट्यात एकापाठोपाठ एक रुग्ण सापडू लागले तेव्हा सगळेच चक्रावले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून तो पोटात जातो. जुलाब होतात, चार दिवसांत थांबतात. पण त्या जिवाणूच्या कवचावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंशी इतके मिळतेजुळते असतात की त्याच्यावर सोडलेली प्रतिपिंडं (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) मग नसांवरच तुटून पडतात. हे सगळं जुलाब थांबल्यावर आठवडा ते तीन आठवड्यांनी, म्हणजे माणूस ते विसरल्यावर.

रुग्ण सहसा 'लकवा झाला' असं म्हणत येत नाही. तो म्हणतो, तळव्यांना मुंग्या येतात, कंबर दुखते, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. एक गृहस्थ मला म्हणाले, 'डॉक्टर, चप्पल पायातून कधी निसटते कळतच नाही, दोनदा रस्त्यात राहिली.' गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडाला नाही. त्यांना त्याच संध्याकाळी भरती केलं आणि दुसऱ्या रात्री त्यांना ग्लासही उचलता येत नव्हता. पायाकडून वर चढत जाणारा अशक्तपणा, दोन्ही बाजूंना साधारण सारखा, आणि हातोडी मारल्यावर न उडणारे गुडघे ही त्याची खूण. पोटॅशियमच्या लकव्यात मुंग्या-बधिरपणा नसतो आणि सगळं काही तासांत घडतं. जीबीएस दिवसागणिक वाढतो आणि चार आठवड्यांच्या आत कळस गाठतो. पाठीच्या पाण्याची तपासणी पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकते, त्यावर विसंबून घरी जाऊ नये.

खरी भीती श्वासाची. जवळपास चारातल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो. कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आलाय आणि लोक मला फोनवर सांगतात, 'ऑक्सिजन ९८ आहे, काळजी नाही ना?' काळजी आहे. या आजारात फुप्फुसं चांगली असतात, भाता हलवणारे स्नायू थकतात. ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत चांगला राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यापेक्षा एक साधी चाचणी करा. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा आणि एका दमात, सेकंदाला साधारण दोन या वेगाने, मोठ्याने आकडे मोजायला सांगा. धडधाकट माणूस चाळीसपर्यंत सहज जातो. विसाच्या आत दम संपत असेल, किंवा सकाळी ३५ पर्यंत जाणारा संध्याकाळी २२ वर अडकत असेल, तर तो आयसीयूजवळ हवा. दुसरी खूण मानेची: उताणं झोपून उशीवरून डोकं उचलता येत नसेल तर श्वासाचा पडदाही थकत चाललाय असं धरून चाला. आमच्या वॉर्डात सिस्टर दर चार तासांनी हे आकडे कागदावर लिहितात, आणि राउंडला मी एमआरआयच्या आधी तो कागद बघतो.

उपचार दोन आहेत आणि दोन्ही सारखेच गुणकारी. एक, हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली प्रतिपिंडं शिरेतून पाच दिवस. वजनाच्या किलोमागे एकूण दोन ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. बिल लाखांत जातं ते इथे. दोन, यंत्रातून रक्त फिरवून दूषित प्लाझ्मा काढून टाकणं, साधारण दिवसाआड पाच वेळा. दोन्ही एकामागून एक केल्याने जादा फायदा होत नाही, तेव्हा 'आणखी काहीतरी द्या' म्हणून जमीन गहाण ठेवू नका. आणि स्टिरॉइडचा जीबीएसमध्ये उपयोग नाही. पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती होतानाच त्याला गाठा. डिस्चार्जच्या दिवशी धावपळ करून उपयोग नसतो.

बहुतेक जण सहा महिन्यांत आपल्या पायांनी चालू लागतात. ज्यांची नुसतं आवरण नव्हे तर आतली तारच तुटली आहे त्यांना वेळ लागतो. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. गुडघ्यापासून पावलापर्यंत ४० सेंटीमीटर धरलं तर झाले ४०० दिवस. हा हिशेब मी रुग्णांना पहिल्या महिन्यातच मांडून दाखवतो, नाहीतर तिसऱ्या महिन्यात धीर सुटतो आणि फिजिओथेरपी बंद पडते. या काळात पाऊल खाली लोंबकळू न देणं, कुशी बदलत राहणं, पायात रक्ताची गाठ होऊ नये याची काळजी घेणं, हीच खरी शुश्रूषा.

लहान मुलाला असं झालं तर आरोग्य खात्याची माणसं येऊन शौचाचे नमुने मागतात आणि घरचे घाबरतात, पोलिओ झाला की काय म्हणून. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की कारण काहीही असो, ते कळवणं आणि चोवीस तासांच्या अंतराने दोन नमुने घेणं हा नियम आहे. भारतात नैसर्गिक (लसीतून न आलेल्या) विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. ती पाटी कोरी राहिलीय ती लसीकरणाच्या जोडीला याच पाळतीमुळे. नमुने द्या.

नस आणि स्नायू यांच्यामधल्या फटीचे आजार अजून राहिले. त्यातला मायस्थेनिया संथ असतो. शाळेतल्या बाई शेवटच्या तासाला नाकातून बोलायला लागतात, संध्याकाळी एक पापणी उतरते, एकाच्या दोन गाड्या दिसतात, भाकरी चावता चावता जबडा थकतो आणि माणूस हाताने हनुवटीला आधार देतो. झोप झाली की सकाळी पुन्हा सगळं ठीक, म्हणून घरचे नाटक समजतात. उतरलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवला की ती बऱ्याचदा वर येते, ही चाचणी फुकट आहे. औषधं चांगली आहेत. मात्र अशा रुग्णाने साध्या तापासाठीसुद्धा कुठलंही अँटिबायोटिक घेण्याआधी आपला आजार सांगायलाच हवा, कारण त्यातली काही श्वास बंद पाडू शकतात.

याच फटीवर मण्यार हल्ला करते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही पुष्कळदा सापडत नाही. सकाळी पोटात मुरडा, उलटी, आणि पापण्या उचलत नाहीत. मी नवखा असताना असा एक चौदा वर्षांचा मुलगा आला होता. येईपर्यंत श्वास थांबत आलेला. नळी घातली, सर्पविषावरची लस दिली, तरी तिसऱ्या दिवशी एकही स्नायू हलत नव्हता. बाहुल्या पसरलेल्या, उजेडाला आकसत नव्हत्या. पलंगाशेजारी उभं राहून वडिलांशी 'मेंदू गेलाय, मशीन किती दिवस ठेवायचं' हे बोलणं सुरू झालं होतं. रात्रपाळीच्या सिस्टरने त्याच्या पायाच्या अंगठ्याखाली आपलं बोट ठेवलं आणि कानाशी म्हणाल्या, 'ऐकू येत असेल तर एवढं दाब.' त्याने दाबलं. दिसलं नाही, फक्त त्यांच्या बोटाला कळलं. सहाव्या दिवशी नळी निघाली, आणि आवाज फुटल्यावर तो पहिल्यांदा वडिलांना म्हणाला की मशीनबद्दलचं तुमचं बोलणं मी ऐकत होतो. लस रक्तात फिरणारं विष पकडते, फटीत जाऊन चिकटलेलं सोडवू शकत नाही. तिथली टोकं पुन्हा उगवेपर्यंत नुसता श्वास चालू ठेवायचा असतो. त्या दिवसापासून लुळ्या रुग्णाच्या पलंगाशी मी नको ते बोलत नाही, कुणाला बोलूही देत नाही. कीटकनाशक पोटात गेलेल्या शेतकऱ्याचंही असंच: शुद्धीवर आला, बरा वाटला, आणि एक ते चार दिवसांत मान उचलेना, श्वास थकू लागला. म्हणून लवकर डिस्चार्ज मागू नका.

मज्जारज्जूचं दोन ओळीत. दोन्ही पाय जड, बेंबीच्या किंवा छातीच्या एका रेषेखाली स्पर्श कळत नाही आणि लघवी अडलीय, असं असेल तर त्याच दिवशी मणक्याचा एमआरआय हवा. मेंदूचा काढून 'नॉर्मल आहे' म्हणून परतलेले पुष्कळ पाहिलेत. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून भरपूर आहे, आणि वेळेत पकडला तर पाय वाचतात.

आता मावशींचं. तेल चोळणं, शेक, ज्याने इजा होत नाही त्याला मी कधी आडकाठी करत नाही. पण बधिर पायाला गरम विटेचा शेक देऊन भाजलेले आणि कबुतराचं रक्त चोळण्यात जीबीएसचे पहिले चार दिवस घालवलेले रुग्ण मी पाहिलेत. तुमच्या भावाला तर त्या गावच्या औषधाने नक्की गुण येईल, कारण तो बराच झालेला आहे. झटके आपोआपही उतरतात, आणि अशा लकव्यांवरच असली औषधं नाव कमावतात.

मुलीकडच्यांना सांगायचं का? सांगा, पण अर्धवट माहितीवर नको. आधी कारण कळू द्या. थायरॉइड असेल तर 'थायरॉइड आहे, गोळ्या चालू आहेत' एवढं पुरतं. जनुकीय निघाला तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. तेव्हा लपवण्याचा प्रश्नच येत नाही, दोघांना एकत्र बसवून माझ्यासारख्या कुणाशी बोलायला लावा. बुद्धी, आयुष्यमान, संसार यात त्याने सहसा अडचण येत नाही, हेही त्यांना समोरासमोर कळलेलं बरं.

येत्या आठवड्यात या तपासण्या करून घ्या: टी-३, टी-४, टीएसएच, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि बायकार्बोनेट, लघवीतलं पोटॅशियम, बरा असतानाचा एक ईसीजी. त्या ईसीजीत ठोके अनियमित दिसले किंवा त्याला कधी चक्कर येऊन पडायला झालं असेल तर हृदयरोगतज्ज्ञांनाही दाखवा, एका दुर्मीळ प्रकारात लकवा आणि हृदयाच्या लयीचा बिघाड बरोबर येतात. आणि एक चिठ्ठी लिहून त्याच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे ठेवा: 'पोटॅशियम उतरून हातपाय लुळे पडतात. ग्लुकोज देऊ नये. आधी ईसीजी आणि पोटॅशियम.' खाली तुमचा फोन नंबर. रिपोर्ट आले की इथेच टाका, थायरॉइडचा आधी.